मुक्ताबाईंचं नाव यादीत नाही

एकतीस वर्षांच्या नोकरीत मुक्ताबाई नवलेंबद्दल कोणी कधी वर काही कळवलं नव्हतं. कळवण्यासारखं त्या काही करतच नसत, आणि दुसऱ्या कोणाचं कळवायचं असलं तर ते काम त्या स्वतःच करत. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला, राहूतल्या आपल्या घराच्या पडवीत, समोरच्या लॅपटॉपनं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'दिस इन्सिडेंट विल बी रिपोर्टेड' असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. वाक्य तिथंच होतं.

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "जरा बाहेर या. हे माझी तक्रार करतंय."

पोपटराव चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले. "कोण?"

"हे." मुक्ताबाईंनी लॅपटॉपकडे बोट केलं, वर्गातल्या चोराकडे करावं तसं.

आता हा लॅपटॉप काही त्यांचा नव्हता. तो सरस्वतीकृपा विद्यावर्धक मंडळाचा. मंडळाच्या बारा शाळा, त्यातल्या वडगाव रासाईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मुक्ताबाई. राहू दौंड तालुक्यात, वडगाव रासाई शिरूर तालुक्यात आणि मधे भीमा. म्हणजे बाई रोज सकाळी स्कूटीवरून तालुका ओलांडून नोकरीला जात आणि संध्याकाळी तालुका ओलांडून परत येत. मागच्या शनिवारी शिरूरला मंडळाच्या कार्यालयात समारंभ झाला. एका कारखान्यानं आपले वापरलेले बारा लॅपटॉप शाळांना भेट दिले होते. मंडळाचे सचिव इंद्रजीतदादा यांनी ते स्वतःच्या हातानं वाटले. स्वतःच्या हातानं वाटले हे कोणी विसरू नये म्हणून प्रत्येक लॅपटॉपच्या पोटावर दादांच्या फोटोचा एक मोठा स्टिकरही चिकटवला होता. कारखान्याच्या माणसानं माइकवर सांगितलं की यात विंडोज नाही, लिनक्स आहे. ते फुकट असतं आणि त्याला व्हायरस लागत नाही. फुकट आणि निरोगी हे दोन शब्द ऐकून सभागृहात टाळ्या पडल्या.

समारंभ संपता संपता हातात परिपत्रक पडलं. यापुढे मुख्याध्यापकांची मासिक सभा ऑनलाइन. पहिली सभा येत्या शुक्रवारी चार वाजता. सभेस लॅपटॉपवरूनच उपस्थित राहावे, मोबाइलवरील हजेरी ग्राह्य धरली जाणार नाही. ही शेवटची अट का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागं एकदा फोनवरून सभा घेतली तेव्हा एक मुख्याध्यापक म्हशीच्या बाजारातून हजर राहिले होते, आणि गुणवत्तावाढीचा ठराव चालू असताना त्यांच्या बाजूनं "दात बघा, दात!" असं ऐकू आलं होतं.

मुक्ताबाईंना परिपत्रकाची भीती नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी परिपत्रकं कोळून प्यायली होती. पण घरी आणून लॅपटॉप उघडला, फोनचा हॉटस्पॉट चालू केला, आणि लॅपटॉप म्हणाला, 'नो वायफाय अडॅप्टर फाउंड'. कोपऱ्यात जिथं नेटची खूण असायला हवी तिथं काहीच नव्हतं. रविवारी नव्हतं, सोमवारी शाळेत नेऊन बघितलं तरी नव्हतं.

पोपटराव हा विकास सोसायटीवर दोन वेळा संचालक राहिलेला माणूस. जगातल्या सगळ्या यंत्रांचा त्यांनी एकाच यंत्रावरून अभ्यास केलेला, ते म्हणजे विहिरीवरची मोटार. "हे बघ," ते म्हणाले, "मोटार पानी उचलंना झाली की आदी पायपात बादलीभर पानी वतावं लागतं. मग ती वढती. ह्येला बी आदी कुठनं तरी थोडं नेट वतावं लागंल."

"नेट ओतायला ते काय ताक आहे?" मुक्ताबाई म्हणाल्या.

शेजारचे गेणबा आबा कुडाच्या पलीकडून ऐकत होते. आबांनी उमेदीची वर्षं मेंढरांमागं काढलेली. आता चार एकर ऊस आणि भरपूर मतं. "बाई," ते म्हणाले, "नवं मेंढरू कळपात आलं की दोन दिस रुसतंय. त्याच्याकडं बघायचंच न्हाई. पाठ करून बसायचं. आपसूक येतंय."

मुक्ताबाईंनी सोमवारची संध्याकाळ लॅपटॉपकडे पाठ करून वह्या तपासल्या. आला नाही.

आबांचा मुलगा हनुमंत डिश टीव्ही बसवतो. तो म्हणाला, "वहिनी, गच्चीवर चला, दिशा बघू." त्यानं टाकीवर लॅपटॉप ठेवून तो आधी दौंडकडे, मग केडगावकडे, मग शिरूरकडे वळवला. रस्त्यानं जाणारी माणसं वर बघू लागली. गावात बातमी पसरली की नवल्यांच्या गच्चीवरून उसाची मोजणी चाललीय. शेवटी मंगळवारी मुक्ताबाईंनी अभिमान गिळला आणि केंदूरच्या शाळेत फोन केला.

केंदूरचे मुख्याध्यापक बिरदेव कोळपे. वयानं आणि नोकरीनं बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. नवीन लागले तेव्हा मस्टरवर सही कुठं करायची हे त्यांना बाईंनी दाखवलं होतं.

"तुमचं लागलं का हो नेट?"

"माझं? बटन दाबलं की लागलं बाई! पहिल्याच दिवशी. तुमचं नाही लागलं अजून?" या 'अजून'वर त्यांनी जो जोर दिला तो मुक्ताबाईंच्या काळजात रुतून बसला. "थांबा, भाच्यानं एक कमांड दिलीय, ती पाठवतो. टायपायची, एंटर मारायचा, विषय संपला."

कमांड आली. 'सुडो' या शब्दानं सुरू होणारी ओळ. मुक्ताबाईंनी आधी शब्दकोशात सुडो शोधला, मिळाला नाही. मग त्यांनी ती ओळ कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत अक्षर अक्षर लावून लिहिली. ओळीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता तो सवयीनं दिला. मग यंत्रानं नाकारल्यावर काढला. त्यानं पासवर्ड मागितला. मंडळानं दिलेला पासवर्ड लिहायला घेतला तर पडद्यावर काही उमटेना. टिंब नाही, चांदणी नाही. तरी त्यांनी नेटानं लिहिला. यंत्र म्हणालं, 'सॉरी, ट्राय अगेन'. मुक्ताबाईंना बरं वाटलं. निदान सॉरी म्हणायची रीत आहे. पुन्हा लिहिला. पुन्हा सॉरी. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून, एकेका बोटानं, बिनचूक पासवर्ड लिहिला, आणि तेव्हाच ते वाक्य आलं. 'शाळा' या नावाचा वापरकर्ता सुडोअर्सच्या यादीत नाही. ही घटना कळवण्यात येईल.

"म्हणजे बघा," मुक्ताबाई पोपटरावांना म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "दोनदा चूक केली तेव्हा सॉरी म्हणालं. तिसऱ्यांदा बरोबर केलं तर तक्रार! हा कुठला न्याय? आणि कळवणार कुणाला? पंधरा मिनिटांची ओळख नाही आणि कळवतं कसलं!"

पोपटरावांनी चहाचा घोट घेतला. "आगं पण नेटच न्हाई, तर कळवंल कसं?"

मुद्दा बिनतोड होता. मग मुक्ताबाईंचा चेहरा बदलला.

"नेट लागलं की कळवेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

आणि इथून पुढं त्यांची फार चमत्कारिक कोंडी झाली. शुक्रवारच्या सभेसाठी नेट लागायला पाहिजे होतं. पण नेट लागलं रे लागलं की आतली तक्रार सुटून जाणार होती. कुठं? ते माहीत नाही. पण ज्या अर्थी लॅपटॉप मंडळाचा त्या अर्थी मंडळाकडेच. तीन महिन्यांनी, एकतीस मेला, त्या निवृत्त होणार होत्या. सेवापुस्तकात आजवर लाल शाईचा ठिपका नव्हता. हे असलं डबडं शेवटच्या तीन महिन्यांत येऊन तो ठिपका पाडणार?

एकतीस वर्षांच्या अनुभवातून त्यांना एकच मार्ग माहीत होता. तक्रार पोचायच्या आधी खुलासा पोचला पाहिजे. त्यांनी लगेच कागद घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, दि. मंगळवार रोजी सायंकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी अधोस्वाक्षरीकर्तीकडून अनवधानाने सुडोअर्सच्या यादीत नाव नसताना सुडो करण्यात आले. सदर कृतीमागे कोणताही गैरहेतू नव्हता.' तीन प्रती. पोपटराव म्हणाले, "आ बैल मुझे मार करू नको." पण पोपटरावांना कार्यालयीन शिस्त काय कळणार? सोसायटीत ते सही करायच्या आधी चहा प्यायचे.

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर मुक्ताबाई शिरूरला मंडळाच्या कार्यालयात गेल्या. तिथं नवनाथ नावाचा लिपिक बसतो. हा नवनाथ बावीस वर्षं त्या खुर्चीत टिकला तो एकाच तत्त्वावर: 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यानं कधी तोंडातून काढले नाहीत. त्यानं खुलासा वाचला. पुन्हा वाचला. सुडोअर्स या शब्दावर पेनाचं टोपण ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

"आलाय का हो तो रिपोर्ट?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"अजून न्हाई आला. वरनं येत आसंल," नवनाथ म्हणाला. "त्याला वेळ लागतो."

"वरून म्हणजे?"

"वरनं म्हंजी वरनं, मॅडम." त्यानं आवकचा शिक्का मारला. शिक्क्याच्या त्या आवाजानं मुक्ताबाईंना हायसं वाटलं. पण ते क्षणभरच. "घटना कुठं घडली?"

"घरी. राहूला."

नवनाथचं पेन थांबलं. "म्हंजी लॅपटॉप दौंड तालुक्यात गेला व्हता?"

"माझ्याबरोबर गेला होता."

"परवानगी?"

"अहो, नदीच्या पलीकडं घर आहे माझं! मी रोज जाते!"

"तुम्ही जावा हो. तुमाला कोण आडवतंय? लॅपटॉप ही शिरूर तालुक्याची मालमत्ता हाय. तालुका बदलायचा म्हंजी हलवणीची परवानगी लागती." हे त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की मुक्ताबाईंना वाटलं, असं परिपत्रक असणारच आणि आपल्याच नजरेतून सुटलं असणार. लाजेनं त्यांचे कान तापले. "आन् दुसरं," नवनाथ पुढं म्हणाला, "सुडोअर्सच्या यादीत नाव न्हाई म्हणताय, तर नाव घालण्यासाठी अर्ज केलाय का?"

"कुणाकडं करायचा असतो?"

"आमच्याकडंच," नवनाथ म्हणाला. खरं तर दोन मिनिटांपूर्वी त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

मुक्ताबाईंनी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहून दिला आणि धुसफुसत स्कूटीला किक मारली. त्या भीमेच्या पुलावर पोचेपर्यंत नवनाथनं केंदूरला फोन केला होता, 'सर, तुमचं नाव सुडोअर्समध्ये हाय का?' बिरदेव सरांनी उसन्या अवसानानं 'बघतो' म्हटलं आणि पुढच्या दोन शाळांत फोन केले. संध्याकाळपर्यंत बारा शाळांत एकच विषय. सुडोअर्स नावाची एक यादी निघालीय. कोणी म्हणालं, निवृत्तीनंतर मुदतवाढ द्यायच्या लोकांची आहे. कोणी म्हणालं, दादांच्या मर्जीतल्या माणसांची आहे. मुक्ताबाईंना यादीतून काढल्यामुळं त्या शिरूरला रडत गेल्या होत्या, अशीही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावच्या शिपायानं वडगावातच, मुक्ताबाईंनाच सांगितली.

गुरुवारी दहाच्या सुमारास फोनवर मंडळाकडून एक कागद आला. कारणे दाखवा नोटीस. एक: यादीत नाव नसताना सुडो केल्याचे आपण स्वतःच मान्य केले आहे. दोन: मंडळाची मालमत्ता विनापरवाना तालुक्याबाहेर नेली. तीन: घटना मंगळवारी घडूनही बुधवारी कळवली, त्यामुळे विलंब.

मुक्ताबाईंनी नोटीस वाचली आणि चार वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप पडवीतल्या खाटेवर ठेवला आणि हनुमंतला बोलावलं. त्यांच्या तोंडात एकतीस वर्षं दाबून ठेवलेली राहूची बोली उसळून वर आली.

"खोल त्याला," त्या म्हणाल्या. "बघू दे आत काय हाय मेल्याच्या!"

हनुमंत पेचकस घेऊन आला. लॅपटॉप पालथा घातला. पोटावर इंद्रजीतदादा हसत होते. नेमका एक स्क्रू दादांच्या फेट्याखाली दडला होता. हनुमंत म्हणाला, "वहिनी, स्टिकर काढावा लागंल." मुक्ताबाईंनी आतून भाजी चिरायची सुरी आणून दिली. नोटिशीत चौथा मुद्दा वाढणार हे त्यांना दिसत होतं, पण माणूस एकदा तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचला की चौथ्याला भीत नाही. हनुमंतनं फेटा खरवडला, मग कपाळ, मग एक डोळा. डोळ्याच्या खाली एक छापील चिठ्ठी निघाली. कारखान्याचं नाव, लॅपटॉपचा नंबर, आणि 'अडचण आल्यास संपर्क' म्हणून एक फोन नंबर.

गेणबा आबा कुडाला वळसा घालून बघायला आले. "म्हंजी," ते म्हणाले, "औषधाच्या बाटलीवर पुढाऱ्याचा फोटो लावला व्हय यांनी?"

मुक्ताबाईंनी नंबर लावला. पलीकडून मोनिका नावाच्या मुलीनं फोन उचलला. कारखान्याच्या संगणक विभागात ती नोकरीला होती. बाराही लॅपटॉप तिनंच तयार केले होते. मुक्ताबाईंनी तिला सगळं सांगितलं. यथाक्रम, तारीखवार, मधे कोणालाही बोलू न देता. मोनिकानं शेवटपर्यंत ऐकलं.

"मॅडम, वायफाय कार्डचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय," ती म्हणाली. "म्हणजे कार्ड आत आहे, पण त्याला चालवणारा प्रोग्राम नाही. तो नेटवरून घ्यावा लागतो."

"नेट चालू करायला नेट लागतं?"

"हो ना. एकदाच. तुमचा फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा, तिथून थोडं नेट जाईल, मग ड्रायव्हर उतरेल, मग कार्ड स्वतःच चालेल."

पोपटराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते फक्त हात कमरेवर ठेवून विहिरीच्या दिशेला बघत राहिले. त्यांच्या त्या बघण्याचा मुक्ताबाईंना जितका राग आला तितका नोटिशीचासुद्धा आला नव्हता.

"ते नंतर करू," त्या मोनिकाला म्हणाल्या. "आधी सांगा, तो रिपोर्ट कुठं गेला?"

"कुठला रिपोर्ट?"

"माझ्याबद्दलचा. कळवण्यात येईल म्हणालाय तो."

मोनिका हसली नाही, हे तिचे उपकार. "मॅडम, तो कुठंच जात नाही. त्या लॅपटॉपच्या आतच एक नोंदवही असते, त्यात एक ओळ लिहून ठेवतो. बस."

"आणि ती वही कोण बघतं?"

"लॅपटॉपचा ॲडमिन. सुडोअर्स म्हणजे तेच, लॅपटॉपमध्ये बदल करायची परवानगी असलेले. ॲडमिनचा पासवर्ड मी एका कागदावर लिहून तुमच्या सचिवांना दिला होता समारंभात. नारळाबरोबर."

"म्हणजे मंगळवारी जे झालं ते कोणालाच कळलं नव्हतं?"

"कोणालाच नाही, मॅडम."

मुक्ताबाई खाटेवर बसल्या. ज्यांना ज्यांना कळलं होतं त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः कळवलं होतं. सुवाच्य अक्षरात.

पुढचा अर्धा तास मोनिका सांगत गेली आणि मुक्ताबाई लिहीत गेल्या. ॲडमिनचा पासवर्ड होता 'वेलकम वन टू थ्री'. यापेक्षा अवघड शब्द पाचवीच्या पोरांना शुद्धलेखनाला घालतात, असं त्यांच्या मनात आलं, पण त्या गप्प बसल्या. केबल जोडली, ओळी लिहिल्या, अक्षरं भराभर वर सरकली. लॅपटॉप बंद करून चालू केला. कोपऱ्यात नेटच्या खुणेचा एक छोटासा पंखा उमटला. तीन कमानी, एकावर एक. केबल काढली. पंखा तसाच. हनुमंतनं हातातले उरलेले दोन स्क्रू कुठं घालायचे असतात ते विचारलं, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"आणि मॅडम," मोनिका म्हणाली, "तुमचं 'शाळा' हे नावही मी आत्ता सुडोअर्समध्ये घालायला सांगितलं तुम्हाला, ते झालंय. आता तो कळवणार नाही."

मुक्ताबाईंनी तिचे आभार मानले. एवढी दोन दिवसांची बेअब्रू, आणि ती अशी एका ओळीत पुसली गेली.

शुक्रवारी पावणेचारला त्या शाळेच्या कार्यालयात जरीकाठाची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या. बरोबर चारला सभा उघडली. पडद्यावर इंद्रजीतदादा दिसले. मंडळाच्या कार्यालयात, मोठ्या टेबलापाशी, स्वतःच्या फोनवरून. नियम सचिवांना लागू नव्हता. मुक्ताबाई बाकीच्या चौकटी उघडायची वाट बघू लागल्या. उघडेनात. मग दादांनी फोन जरा फिरवला, आणि त्यांच्या मागं अकराच्या अकरा मुख्याध्यापक खुर्च्यांवर बसलेले दिसले. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत बंद लॅपटॉप. पहिल्या रांगेत बिरदेव सर. पहिल्याच दिवशी, बटण दाबलं की लागलेले.

"नमस्कार, मी ऑनलाइन हजर आहे," मुक्ताबाई म्हणाल्या. विजय आवाजात येऊ न देण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण फार नाही.

"हां, मॅडम," दादा म्हणाले. "नवनाथ, हजेरीवर सह्या झाल्या का?"

नवनाथचा आवाज आला. "अकरा झाल्या. वडगाव रासाई गैरहजर."

"गैरहजर? मी इथं आहे!"

"दिसताय हो मॅडम," नवनाथ म्हणाला. "पण सही न्हाई ना तुमची."

मुक्ताबाई बोलायला गेल्या तोवर दादांनी विषय एक घेतला. सुडोअर्सच्या यादीबद्दल बराच गैरसमज पसरला आहे, मर्जीतल्या माणसांची यादी वगैरे, असं काही नाही. पारदर्शक पद्धतीनं सुडोअर्स समिती स्थापन होईल. मग मुक्ताबाईंनी सगळी सहनशक्ती एकवटून सांगितलं की दादा, अशी समिती नसते, सुडोअर्स म्हणजे लॅपटॉपच्या आतली परवानगी, मी काल कारखान्यात बोलले, आणि तुम्हाला नारळाबरोबर जो कागद...

दादांचा चेहरा पडद्यावर किंचित आखडला. मागं अकरा खुर्च्यांवर चुळबुळ झाली. माणसाला चूक पटते, पण ती अकरा जणांसमोर पटत नाही.

"मॅडम," दादा म्हणाले, "तांत्रिक बाबींत आपण नको जाऊ या. तुमची चौकशी चालू आहे, त्या दृष्टीनंही तुम्ही या विषयावर बोलणं योग्य नाही." आणि ठराव उपस्थितांच्या एकमतानं मंजूर झाला. उपस्थितांत मुक्ताबाई नव्हत्या.

सोमवारी सकाळी फोनवर फलकाचा फोटो आला. कार्यालयाबाहेरचा काचेचा फलक, त्यात टंकलिखित कागद: 'सुडोअर्स समिती, अंतिम यादी'. एक, माननीय सचिव, पदसिद्ध. दोन, बिरदेव कोळपे, केंदूर. असे एकूण बारा. खाली टीप: वडगाव रासाईचे नाव चौकशी प्रलंबित असल्याने राखून ठेवण्यात आले आहे.

मुक्ताबाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग लहान केला. मग पुन्हा मोठा केला.

"जाऊ दे की," पोपटराव म्हणाले. "त्या बारांतल्या एकाच्याबी मशिनीला नेट न्हाई. खरं नाव तुझंच हाय, त्या लॅपटॉपात. त्या कागदाला काय अर्थ हाय?"

"अर्थ नाही हे मला कळत नाही का?" मुक्ताबाई उसळल्या. "त्यांच्यापेक्षा जास्त कळतं! पण लॅपटॉपात कोण बघायला जातंय? फलकावर सगळे बघतात!"

शाळा सुटल्यावर त्या शिरूरला पोचल्या तेव्हा कार्यालय बंद व्हायला तासभर होता. त्यांनी नवनाथच्या टेबलावर ऑनलाइन सभेचा पडद्यावरचा फोटो ठेवला. तारीख, वेळ आणि स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसणारा. तालुका बदलायला परवानगी लागते ते परिपत्रक दाखवा म्हणाल्या. नवनाथनं तीन कपाटं उघडली आणि बंद केली. त्याला 'माहीत नाही' म्हणता येत नव्हतं आणि परिपत्रक सापडत नव्हतं. शेवटी तो दादांच्या खोलीत गेला. आत बराच वेळ हळू आवाजात बोलणं झालं. एकदा 'नारळ' हा शब्द ऐकू आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सही झालेला कागद होता. चौकशी दप्तरी दाखल, सेवापुस्तकात कसलीही नोंद नाही, यादीत नाव घ्यावे.

मुक्ताबाईंचं अंग हलकं झालं. एकतीस वर्षांवर ठिपका पडला नव्हता. त्या नवनाथच्या मागोमाग फलकापाशी गेल्या. त्यानं किल्ली लावून काच सरकवली, खिशातून निळं बॉलपेन काढलं, यादीच्या अगदी तळाशी, टिपेच्याही खाली, राहिलेल्या बोटभर जागेत काहीतरी लिहिलं, त्यावर शिक्का मारला, काच सरकवली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तो पिशवी भरायला आत गेला.

मुक्ताबाईंनी चष्मा सारखा करून वाकून वाचलं. 'बारा-अ. श्रीमती मुक्ताबाई पो. नवले.'

बारा-अ. वर दोन नंबरला बिरदेव.

त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला, फलकाच्या लाकडी चौकटीवर टेकवला आणि उभ्यानंच लिहायला सुरुवात केली. 'विषय : सेवाज्येष्ठता डावलल्याबाबत.'